वाचक विचारतात: नोकरी सांभाळून स्थानिक स्वराज्य संस्थांचं पदव्युत्तर शिक्षण

मागच्या अंकात आम्ही थोडक्यात लिहिलं होतं की ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपरिषद, महापालिका इथे काम करणाऱ्यांना नोकरी न सोडता आपल्याच क्षेत्रातलं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचे प्रश्न सारखेच होते म्हणून निवडक घेतलेत, नावं दिलेली नाहीत. उत्तरं देणाऱ्या आमच्या सल्लागारांनी बरीच वर्षं पंचायत समितीत काम केलंय आणि नंतर अभ्यासकेंद्रावर नोकरदारांचे रविवारचे वर्ग घेतलेत.

प्रश्न: मी मराठवाड्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे (आधीचा ग्रामसेवक). माझ्याकडे दोन गावांचा चार्ज आहे. बीए झालंय. पुढे विस्तार अधिकारी, जमलं तर बीडीओ (गटविकास अधिकारी) व्हायचंय. एमए करू, एमपीए (लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी) करू का डिप्लोमा करू? इंटरनेटवर बघितलं तर डोकं गरगरायला लागलं.

दादा, आधी एक ठरवा की हे शिक्षण तुम्हाला कशासाठी पाहिजे, कारण कोर्स त्यावर ठरतो, जाहिरातीवर नाही. प्रमोशनसाठी पाहिजे असेल तर तुमच्या पुढच्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढून वाचा, झेडपीच्या सामान्य प्रशासन विभागात मिळतील, आणि त्यात जी अर्हता लिहिलीये तीच खरी. पदव्युत्तर पदवी घेतली म्हणजे आपोआप ज्येष्ठता वाढेल किंवा पगारवाढ लागेल असं धरून चालू नका, बरेच जण तिथेच निराश होतात आणि पहिल्या सेमिस्टरनंतर सोडून देतात. पण काम नीट समजून घ्यायचंय, उद्या बीडीओच्या खुर्चीत बसलो तर फायनान्स कमिशनचा निधी असाच का येतो, झेडपीला कुठले अधिकार आहेत नि कुठले नाहीत हे कळायला पाहिजे, असं वाटत असेल तर हे शिक्षण फार उपयोगाचं आहे.

आता तुमच्यासमोर मुख्य वाटा कुठल्या ते सांगतो. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) लोकप्रशासनातलं एमपीए आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर घेऊ शकतो, कमीत कमी 2 वर्षं लागतात, प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्राला, आणि साधारण 30 टक्के मार्क असाइनमेंटचे नि 70 टक्के परीक्षेचे असतात. इग्नूचंच ग्रामविकासातलं एमए आहे, आणि तेवढा वेळ नसेल तर ग्रामविकासाचा पदव्युत्तर डिप्लोमा पण आहे. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्याला मी ग्रामविकास सुचवीन, पण बीडीओचं स्वप्न असेल तर लोकप्रशासन, कारण बीडीओचा अर्धा दिवस आस्थापना, लेखा आणि सभा यातच जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास आणि पंचायत राज संस्थेचे दूरशिक्षणाचे पदव्युत्तर डिप्लोमे आहेत, त्यातला एक तर पंचायत राज प्रशासन आणि ग्रामविकास या विषयालाच वाहिलेला आहे, तुमच्या कामाच्या इतक्या जवळचा कोर्स दुसरा मला माहीत नाही. अडचण एकच, तो इंग्रजीतून आहे. इग्नूत हिंदी चालतं. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, 1989 पासून नोकरदार आणि गृहिणींसाठीच उभं राहिलेलं, त्यांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत कुठले पदव्युत्तर विषय आहेत ते बघा आणि तुमच्या तालुक्याजवळचं अभ्यासकेंद्र कुठलं तेही बघा. केंद्र 60 किलोमीटरवर असेल तर रविवारचा वर्ग तुमच्याच्याने होणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो, ग्रामपंचायतीच्या माणसाचा रविवार त्याचा नसतो, कुणाची तरी पाणीपट्टीची तक्रार नाहीतर घरकुलाचा फोटो अपलोड करायचा राहिलेला असतो.

आणि एक कळकळीची विनंती. "दोन वर्षांची डिग्री एका वर्षात, हजर राहायची गरज नाही, परीक्षा घरून" असं सांगणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी फिरतात. त्यांना पैसे देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) साईटवर दूरशिक्षणाला मान्यता असलेल्या संस्था आणि त्यांच्या कोर्सची यादी असते, बनावट विद्यापीठांची पण असते, दोन्ही बघा आणि मगच फी भरा. संस्थेला मान्यता आहे पण त्या कोर्सला नाही असंही असू शकतं, म्हणून कोर्सचं नाव यादीत शोधा. मान्यता असलेल्या मुक्त शिक्षणाच्या आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरायच्या असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे "बाहेरून केलेली डिग्री" म्हणून कुणी नाक मुरडलं तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न: मी क वर्ग नगरपरिषदेत लिपिक आहे. मुलगा लहान आहे, सासूबाई मदत करतात पण वेळ मिळत नाही. ऑफिसमधले लोक म्हणतात एलजीएस किंवा एलएसजीडी (नगरपालिका कर्मचाऱ्यांचे डिप्लोमे) कर, एमए कशाला. बरोबर आहे का?

ताई, तुमच्या ऑफिसमधले लोक चुकीचं सांगत नाहीयेत. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था मुंबईत 1926 पासून आहे आणि नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी ती जे डिप्लोमे चालवते त्यातले हे दोन सगळ्यांना माहीत असलेले. एलजीएस हा लिपिक पातळीवर काम करणाऱ्यांचा, एलएसजीडी हा त्यावरचा. अनेक नगरपरिषदा आणि महापालिकांमध्ये वरच्या पदाला जाताना हे विचारतात, त्यामुळे तुमच्या संवर्गाच्या नियमात ते असेल तर आधी तेच करा, दुसरा विचारच करू नका. त्यात शिकवतात ते पण रोजच्या कामाचं, 1965 चा नगरपरिषद अधिनियम, लेखे, कर आकारणी, सभेचं कामकाज.

पण हा डिप्लोमा म्हणजे पदव्युत्तर पदवी नाही हे लक्षात ठेवा. पुढे जाऊन तुम्हाला शिकवायचं असेल, नेट-सेट द्यायची असेल, किंवा नगरपालिकेबाहेर एखाद्या प्रकल्पात काम करायचं असेल तर तिथे एमए किंवा एमपीएच लागेल. माझं मत विचाराल तर आत्ता डिप्लोमा, मुलगा शाळेत रमला की मग पदवी, दोन्ही एकदम नको. एकाच वेळी दोन कोर्स करायला यूजीसीने 2022 पासून परवानगी दिलीये हे खरं आहे, पण परवानगी आहे म्हणून ते तुमच्या घरात जमेलच असं नाही.

वेळेचं म्हणाल तर बायकांनी मला वर्गात सांगितलेली एकच गोष्ट खरी चालते, सकाळचा एक तास स्वतःचा ठरवायचा आणि घरात सगळ्यांना तो सांगून ठेवायचा. लपून, उरलेल्या वेळात, सगळं झाल्यावर अभ्यास करू म्हटलं की तो होत नाही. सासूबाई मदत करतायत ही मोठी गोष्ट आहे, त्यांना कोर्सची पुस्तकं दाखवा, परीक्षा कधी आहे ते सांगा, त्यांना पण वाटू दे की हे आपल्या घरातलं काम आहे. आणि परीक्षेच्या तारखा कळल्या की रजेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, मार्च एंडला कुणी रजा देत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक. शिक्षणाच्या परवानगीसाठी अर्ज दिला, साहेब म्हणाले "बघू", तेव्हापासून फाईल तशीच आहे. ॲडमिशनची शेवटची तारीख जवळ आलीये. परवानगी न घेता ॲडमिशन घेतली तर?

घेऊ नका. नोकरीत असताना पुढचं शिक्षण घ्यायचं तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यायची असते, आणि ती नसेल तर पुढे सर्व्हिस बुकात त्या पदवीची नोंद घेताना अडवणूक होते. लोक सांगतात "झाल्यावर कार्योत्तर मंजुरी घेऊ", ते कधी मिळतं, कधी वर्षानुवर्षं लटकतं.

अर्ज तोंडी किंवा साहेबांच्या टेबलावर ठेवून दिला असेल तर तो अर्जच नाही असं समजा. आवक शाखेत द्या, आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा, कोर्स दूरशिक्षणाचा किंवा अंशकालीन आहे, वर्ग सुट्टीच्या दिवशी किंवा कामाच्या वेळेबाहेर आहेत, कार्यालयीन कामावर परिणाम होणार नाही, आणि खर्च मी स्वतः करणार आहे. सोबत माहितीपुस्तिकेचं ते पान जोडा जिथे वर्गांचा वार लिहिलेला असतो. साहेब "बघू" म्हणतात ते बऱ्याचदा नकार म्हणून नाही, त्यांना भीती असते की हा उद्या रजा मागत बसेल. ती भीती अर्जातच काढून टाका. पंधरवड्याने स्मरणपत्र द्या, तेही आवक करूनच.

अध्ययन रजेबद्दल पण काहींनी विचारलंय. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 मध्ये तो वेगळा प्रकार आहे, त्याला अटी आहेत, बंधपत्र लिहून द्यावं लागतं, आणि तो पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे. रविवारच्या कोर्ससाठी त्याच्या मागे लागू नका, अर्जित रजा पुरते.

प्रश्न: मी ग्रामविकासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी "महाराष्ट्रातील पंचायत राज: एक अभ्यास" असा विषय घेतलाय. मित्राकडे मागच्या वर्षीचा टाईप केलेला प्रोजेक्ट आहे, तो थोडा बदलून देऊ का? नोकरी करून नवीन कधी करणार?

हा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारलात त्याचं मला बरं वाटलं, म्हणून मीही सरळ सांगतो. तो देऊ नका, आणि तो विषय पण घेऊ नका. तो विषय कुणीही लिहू शकतो. वसंतराव नाईक समिती 1960 ला नेमली, 1961 मध्ये अहवाल आला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, हे सगळं पुस्तकात आहे आणि तुमच्या परीक्षकाने ते शंभरदा वाचलंय. तुम्ही जिथे बसता त्या टेबलावर जे आहे ते मात्र त्याने कधीच पाहिलेलं नाही. नोकरी करून शिकणाऱ्याचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे, विद्यापीठात पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला जी माहिती मिळवायला महिनोन्महिने माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागतात ती तुमच्या कपाटात आहे, आणि तुम्ही ती सोडून दुसऱ्याचा प्रोजेक्ट कशाला टाईप करताय.

एक विषय मी तुम्हाला देतो. नमुना 9 काढा, कर मागणीची नोंदवही. एका वॉर्डाची थकबाकी उतरवून घ्या, फक्त एका वॉर्डाची, सगळ्या गावाची नको. मग प्रत्येक थकीत घरापुढे कारण लिहा. थकबाकी म्हटलं की आपण सभेत सांगतो की लोक भरत नाहीत, मानसिकता नाही. पण एकेक नोंद बघायला लागलात की वेगळंच दिसायला लागेल. एखाद्या ठिकाणी नोंद आजोबांच्या नावाने आहे, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, तीन भावांमध्ये वाटणी तोंडी झालीये, नमुना 8 ला (कर आकारणीची नोंदवही) वारसांची नावं लागलेलीच नाहीत, त्यामुळे प्रत्येक भाऊ म्हणतो माझा हिस्सा वेगळा काढा मग भरतो. दुसरं घर कुलूपबंद, माणसं भोसरीला नाहीतर वाळूजला कामाला. तिसरी इमारत सरकारी खात्याची, तिथे मागणी बिल दरवर्षी जातं आणि फाईलला लागतं. चौथा माणूस म्हणतो माझं पत्र्याचं घर होतं तेव्हाची आकारणी वेगळी, आता स्लॅबची लावलीत पण मोजायला कुणी आलंच नव्हतं. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते आणि 2015 च्या अखेरीस झालेल्या नियमदुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर आहे, तेव्हा शेवटची फेरआकारणी खरंच मोजून झाली की टक्का वाढवून झाली हे पण त्यात येऊ दे.

आता ही कारणं वेगवेगळी केलीत की समजेल, यातली कुठली ग्रामपंचायत स्वतः सोडवू शकते. वारस नोंदीचं काम मासिक सभेत ठराव घेऊन होतं, त्याला कुठल्याही वरच्या निधीची गरज नाही. मग तुमचा प्रोजेक्ट म्हणजे नुसते मार्क राहणार नाहीत, पुढच्या वर्षीच्या वसुलीचा कार्यक्रम तयार झाला. गावाचं स्वतःचं उत्पन्न वाढणं किती महत्त्वाचं आहे हे तुम्ही रोज बघता, पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के अबंधित म्हणायचे तोही पगारावर खर्च करता येत नव्हता. स्वतःचा रुपया असेल तरच ग्रामपंचायत स्वतःचा निर्णय घेऊ शकते, बाकी सगळं मार्गदर्शक सूचनांप्रमाणे.

दोन काळज्या घ्या. सरपंचांना आणि बीडीओंना लेखी कळवून माहिती वापरायची परवानगी घ्या, आणि प्रोजेक्टमध्ये कुणा थकबाकीदाराचं नाव, मिळकत क्रमांक येऊ देऊ नका, घर क्र. 1, घर क्र. 2 असं लिहा. लोकांनी तुम्हाला माहिती कर्मचारी म्हणून दिलीये.

वेळेचं काय, तर हे काम तुम्ही तसंही करताच. वसुलीला जाताना एक वही जास्त घ्या, एवढंच.

प्रश्न: असाइनमेंटमध्ये मला कायम कमी मार्क पडतात. मी महापालिकेत पंधरा वर्षं काम करतोय, विषय मला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. मग असं का?

तुमची असाइनमेंट मी पाहिलेली नाही, पण तुमच्यासारख्या खूप जणांच्या पाहिल्यात, आणि जवळपास सगळे टिपणी लिहितात. "विषयांकित प्रकरणी नमूद करण्यात येते की" असं सुरू होतं, तरतुदी एकाखाली एक येतात, आणि शेवटी निर्णय वरिष्ठांवर सोडलेला असतो. ऑफिसात ते बरोबर आहे, तिथे तुमचं मत कुणी मागितलेलं नसतं. इथे तेच मागितलंय.

समजा प्रश्न आहे, जकात गेल्याने महापालिकांच्या आर्थिक स्वायत्ततेवर काय परिणाम झाला. तुम्ही लिहिता, आधी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकातही तेव्हाच बंद झाली, आणि नुकसान भरपाईचा कायदा झाला. सगळं बरोबर, अर्धेच मार्क. कारण तुम्ही सांगितलंच नाही की रोज नाक्यावर जमा होणारा पैसा आणि दर महिन्याला राज्याकडून येणारा हप्ता यात फरक काय. पहिला पैसा तुमच्या शहरातल्या मालाच्या उलाढालीसोबत वाढायचा, दुसरा ठरलेल्या सूत्राने येतो. तुम्ही लेखा विभागात असाल तर हप्ता यायच्या आधीचे दिवस कसे जातात, ठेकेदारांची बिलं कशी थांबतात हे तुम्हाला माहीत आहे. ते लिहा. जकातीत त्रास नि गैरव्यवहार पण होते, तेही लिहा, आणि मग तुम्हाला काय वाटतं ते ठामपणे लिहा.

अजून एक. अनेक महापालिकांचा कारभार 2022 पासून कितीतरी काळ प्रशासकाकडे होता, मुंबई महापालिकेची मुदत त्या वर्षी मार्चमध्ये संपली. त्या काळात नोकरीला लागलेल्या तरुण कर्मचाऱ्यांनी स्थायी समितीची सभा बघितलेलीच नव्हती, विषयपत्रिका कशी निघते, नगरसेवक उपसूचना कशी मांडतो हे त्यांना पुस्तकातूनच कळायचं. तुम्ही पंधरा वर्षं आहात म्हणजे दोन्ही बघितलंय. 74 व्या घटनादुरुस्तीवर (नगरपालिका-महापालिकांना घटनात्मक दर्जा देणारी) प्रश्न आला की तुमच्याइतकं चांगलं उत्तर कुणी लिहू शकणार नाही, फक्त टिपणीची सवय सोडा.

प्रश्न: मी गोव्यात पंचायत सचिव आहे, मराठीतून शिकलेलो. तुमच्याकडची पुस्तकं आमच्या कामाला चालतील का?

अर्धी चालतील. घटनादुरुस्ती, वित्त आयोग, अकराव्या परिशिष्टातले 29 विषय हे दोन्हीकडे एकच. पण महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकांत पंचायत समितीवर मोठं प्रकरण असतं आणि गोव्यात ती पातळीच नाही, ग्रामपंचायत आणि वर उत्तर नि दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती, कारण लहान राज्यांना मधली पातळी न ठेवण्याची मुभा घटनेनेच दिलीये. तुमचा कायदा 1994 चा गोवा पंचायत राज अधिनियम, तो मूळातून वाचा. जुन्या गोव्याजवळ एला इथे तुमची राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, जिपार्ड, तिथल्या ग्रंथालयात आणि तिथल्या छोट्या प्रशिक्षणांत स्थानिक साहित्य मिळेल. पदवी इग्नूची घ्या, प्रोजेक्ट तुमच्या पंचायतीचा करा, बांधकाम परवाने नाहीतर कचऱ्याचं वर्गीकरण, किनाऱ्यालगतच्या पंचायतीत या दोन विषयांवर लिहायला भरपूर आहे.

प्रश्न: माझं वय 52. सहा वर्षांत रिटायर होईन. आता डिग्री करून काय मिळणार असं घरचे म्हणतात. करू का?

तुम्हाला आवड आहे का, एवढंच विचारा. प्रमोशनसाठी म्हणाल तर 52 व्या वर्षी सुरू करून 54-55 ला पदवी हातात येईल, तोपर्यंत डीपीसीची (विभागीय पदोन्नती समिती) गणितं ठरलेली असतात, त्यासाठी करू नका. पण आमच्या केंद्रावर सगळ्यात मन लावून वाचणारे तुमच्या वयाचेच असतात. त्यांना प्रत्येक प्रकरणाला स्वतःच्या नोकरीतला एक प्रसंग आठवतो आणि वर्गातली पंचविशीतली मुलं मान वर करून ऐकतात. रिटायर झाल्यावर सरपंच आणि सदस्यांच्या प्रशिक्षणाला अनुभवी माणसं लागतात, पुण्याच्या यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेपासून तालुक्याच्या पातळीपर्यंत असे वर्ग चालू असतात, नवीन निवडून आलेल्या बाईला अंदाजपत्रक वाचायला शिकवणं हे काम तुमच्यासारख्यांनी केलं तर ते व्यवस्थित होतं.

पुढचं सत्र कधी सुरू होतंय ते बघा, पदवीची मार्कशीट आणि जन्मतारखेचा दाखला स्कॅन करून ठेवा, लग्नानंतर किंवा गॅझेटने नाव बदललं असेल तर त्याचा कागद आधीच काढा, तिथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात.